जागेसाठी नेसलेले पातळ

आंबिवलीस आमच्या चाळीत एका रविवारी दूरदर्शनवर 'अशी ही बनवाबनवी' लागला होता. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यापायी नाना प्रांतांची कुटुंबे इथे येऊन राहिलेली. कोट्यांना आम्ही मराठी मंडळी खो खो हसत होतो. शेजारचे बिहारी काका गप्प. पण बिऱ्हाडासाठी दोघे पुरुष पातळे नेसून घरमालकिणीपुढे उभे राहिले, आणि सर्वांत मोठे हसू काकांचेच!

'सम लाइक इट हॉट' या १९५९ सालच्या अमेरिकन चित्रपटातही दोघे पुरुष स्त्रीवेष घेतात, ते शिकागोच्या गुंडांपासून जीव वाचवायला. आमच्याकडे गुंडाचे काम घरमालकच करतो! हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली 'बीवी और मकान'मध्ये हीच कल्पना हिंदीत मांडली होती. १९८८ साली वसंत सबनिसांनी तिला मराठी बोली दिली. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या सबनिसांना तमाशातली मावशी, म्हणजे पुरुषानेच वठवायची बाई, चांगली ठाऊक होती. आणि समोरचा प्रेक्षक बालगंधर्वांच्या शालूवर भाळलेल्यांचा वारस होता.

कोटी भाषेच्या वेशीवर अडते. जागेची चिंता मात्र हरेक प्रांतातून गाडीने आंबिवलीस उतरते. काकांनी मागाहून हळूच सांगितले, पहिली खोली मिळवताना, लग्नाचा पत्ता नसताना, "कुटुंब गावाहून येतेच आहे" असे त्यांनीही ठोकून दिले होते.