भांडारकरांची खुर्ची कुणाला मिळाली?

आजचा भाग मालवणात जन्मलेल्या एका प्राध्यापकाबद्दल आहे. आणि कॉलेजच्या एका विभागात रंग आणि जात कशी काम करते, त्याबद्दलही.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर. नाव ऐकलं की पुण्यातली भांडारकर संस्था आठवते. पण त्यांचा जन्म आपल्या मालवणातला, ६ जुलै १८३७ चा. शाळा रत्नागिरीत, मग मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तिच्यात महादेव गोविंद रानडे होते आणि हेही होते.

एल्फिन्स्टनमध्ये ब्यूलर नावाचे जर्मन पंडित शिकवायचे. ते दुसऱ्या कामावर गेल्यावर संस्कृतच्या प्राध्यापकपदाचं काम भांडारकरांकडे आलं. पण कसं? हंगामी. काही वर्षं त्यांनी ते चोख केलं. त्यांची संस्कृतची पाठ्यपुस्तकं तोवर शाळांमधून चालू झाली होती. आता तुम्ही म्हणाल, जागा कायम झाली असेल. नाही झाली. १८७३ मध्ये पीटर पीटरसन नावाचे स्कॉटिश गृहस्थ त्या जागेवर आले. वयाने भांडारकरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. आणि इतकी वर्षं काम ओढलेले भांडारकर राहिले दुय्यम जागेवर.

गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, लंडनला प्राच्यविद्येची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचं आमंत्रण भांडारकरांना आलं. जाता आलं नाही, तर त्यांनी नाशिकच्या लेण्यांमधल्या शिलालेखांवर निबंध पाठवला. म्हणजे लंडनच्या विद्वानांना हा माणूस चालत होता, मुंबईतल्या वरच्या खुर्चीत मात्र नाही. पीटरसन अडाणी होते असं अजिबात नाही. हस्तलिखितं शोधण्याचं त्यांचं काम मोठं आहे. प्रश्न त्यांच्या लायकीचा नाहीच. काम हंगामी म्हणून एकाने करायचं आणि जागा कायम करायची वेळ आली की माणूस विलायतेहून आणायचा, प्रश्न या पद्धतीचा आहे.

भांडारकर थांबले नाहीत. कीलहॉर्न गेल्यावर १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये जर्मनीच्या गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १८९३ मध्ये तर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले! इथे टाळ्या वाजवून भाग संपवायचा मोह होतो. हुशारी असेल तर कुणी अडवू शकत नाही, वगैरे.

पण पुढची तारीख ऐका. १८९६. सरकारने कॉलेजातल्या नोकऱ्यांची सरळ दोन गटांत वाटणी केली. वरचा गट इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस, त्याची भरती इंग्लंडमध्ये. खालचा प्रांतिक गट, पगार कमी, आणि भारतीय जवळपास सगळे त्यात. म्हणजे भांडारकर कुलगुरूपदावरून उतरले १८९५ ला, आणि जो भेद इतके दिवस रिवाज म्हणून चालायचा तो वर्षभरात चक्क नियम झाला. तिकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८८५ पासून तीन वर्षं पगारच घेतला नव्हता, कारण गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा तो कमी होता. शेवटी त्यांना पूर्ण पगार मिळाला, मागच्या थकबाकीसह. पण तो त्यांच्यापुरता.

माझा मुद्दा हाच आहे. एक हुशार माणूस वर पोचला म्हणून विभाग बदलत नाही. खुर्ची भरायची पद्धत बदलावी लागते.

आणि सगळं इंग्रजांवर ढकलून आपल्याला सुटता येत नाही. भांडारकर ज्या संस्कृतसाठी झगडले, तेच संस्कृत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकायची इच्छा एका मुलाला होती. अस्पृश्य म्हणून त्याला ते शिकवलं गेलं नाही, फारसी घ्यावी लागली. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. १९१८ मध्ये कोलंबियात शिकून आलेले हेच बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा स्टाफसाठीच्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. हे सहकारी विलायतेहून आलेले नव्हते. आपलेच होते.

शिकायला बाहेर पडलो तेव्हा माझ्या मालवणी हेलावर पोरं हसायची. पण हेल चार महिन्यांत बदलता येतो. रंग आणि जात नाही बदलता येत. म्हणून दोन्ही एकाच तागडीत तोलू नका.

मग करायचं काय? यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं म्हटलंय. तुमच्या कॉलेजात ते कोण आहेत, विचारा. तुमच्या विभागात तासिका तत्त्वावर कोण राबतंय आणि कायम जागेवर कोण बसलंय, ते बघा. राखीव जागा भरली की रिकामीच ठेवली, तेही बघा. आणि ईशान्य भारतातून किंवा आफ्रिकेतून आलेला कुणी वर्गात असेल, तर त्याला कुठल्या नावाने हाक मारतात, तेवढं कान देऊन ऐका.

काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घेवा!