गंगापूर रस्ता : दोन दिवसांची इतिहासयात्रा

नाशिक क्षेत्री येणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतो, काळ्या रामाचे दर्शन घेतो, सवड असल्यास त्र्यंबकेश्वरी जाऊन येतो आणि नाशिक पाहिले असे समाधान मानून परत फिरतो. अलीकडे शनिवार-रविवारची सुट्टी साधून मुंबई-पुण्याकडील मंडळी स्वतःच्या मोटारीने गंगापूर रस्त्यास येतात. धरणाचे पाणी, डोंगरांच्या रांगा आणि द्राक्षांचे मळे पाहून तीही संतुष्ट होतात. त्यांच्या या संतोषास आमची मुळीच हरकत नाही. परंतु ज्या रस्त्याने ती भरधाव जातात, त्याच्या काठाशी दोन हजार वर्षांचा इतिहास बसून आहे, हे त्यांच्या गावीही नसते. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे आज नोकरी-व्यवसायानिमित्त परगावी आहेत. सुट्टीत मुलाबाळांसह ती नाशिकास येतात. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून दोन दिवसांच्या प्रवासाचा हा आराखडा आम्ही येथे सादर करीत आहो.

शाळेत इतिहास शिकविताना आम्ही एक नियम पाळीत असू. आधी लेख वाचावा आणि मग ते स्थळ पाहावे. लेख न वाचता पाहिलेले स्थळ म्हणजे केवळ दगडमाती होय, आणि स्थळ न पाहता वाचलेला लेख परीक्षेपुरता स्मरणात राहतो. म्हणून या यात्रेचा आरंभ गंगापूर रस्त्यावर न करता शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर करावा. तेथील लेण्यांस लोक पांडवलेणी म्हणतात. वस्तुतः पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही; ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेली आहेत.

पहाटे उन्हाआधी पायऱ्या चढून दहाव्या क्रमांकाचे लेणे गाठावे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते दान दिले. त्याच्या शिलालेखात त्याच्या दानधर्माची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खोदल्या आणि कित्येक नद्यांवर उतारूंसाठी विनामूल्य नावा ठेविल्या. यांपैकी भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर आणि शूर्पारक म्हणजे सोपारे. राहिले गोवर्धन. ते आपल्या गंगापुराला लागून असलेले गोवर्धन गाव होय, असे अभ्यासक मानीत आले आहेत. म्हणजे ज्या वाटेने आपण आज फिरावयास निघालो, त्या वाटेवर वाटसरूंची सोय पाहण्याची परंपरा सुमारे एकोणीस शतकांची आहे.

याच उषवदाताचा दुसरा लेख मुलांकडून गणित सोडवून घेण्याजोगा आहे. त्याने गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. पैकी दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक आणि एक हजारावर पाऊण, असे व्याज ठरले. दोन हजारांचे व्याज महिन्यास वीस, वर्षास दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू वीस, आणि प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावयाचे. हिशेब चोख जुळतो! मूळ ठेवीस हात लावावयाचा नाही, केवळ व्याज खर्चावयाचे, अशी अट त्यात आहे. जिच्या हाती राजाच्या जावयाने निश्चिंतपणे पैसा सोपविला, ती एका धंद्याच्या लोकांची संघटना होती. ज्ञातिसंस्थेचा निधी सांभाळणाऱ्या आमच्या बंधूंनी या लेखापुढे दोन मिनिटे अधिक उभे राहावे.

नंतर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात यावे. गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाची सत्ता मोडल्यावर गोवर्धनच्या अमात्यास, विष्णुपालितास, जी आज्ञा धाडिली ती येथे कोरलेली आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना द्यावे, असा तिचा आशय. राज्य पालटले, तरी कारभाराचे ठिकाण गोवर्धनच राहिले. त्याच ठिकाणी गौतमीपुत्राची माता बलश्री हिचा लेख आहे. पुत्र निवर्तल्यानंतर, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, तिने हे लेणे दान दिले आणि आपल्या पुत्राचे पराक्रम दगडावर लिहविले. महाराजाची माता आणि महाराजाची आजी असे ती स्वतःस म्हणविते. हे शब्द मुलांच्या ध्यानी राहू द्यावेत. दुपारी गंगापुरास त्यांचे प्रयोजन पडेल.

डोंगर उतरून शहरात यावे आणि अशोकस्तंभावरून गंगापूर रस्ता धरावा. या रस्त्याने गोदावरी उजव्या हातास राहते आणि आपण तिच्या प्रवाहाच्या उलट, पश्चिमेकडे जातो. सुमारे पाच किलोमीटरांवर आनंदवल्ली लागते. पूर्वीचे हे स्वतंत्र खेडे आज शहरात मिसळून गेले आहे. राघोबादादांनी येथे वास्तव्य केले आणि पत्नी आनंदीबाई हिच्या नावावरून गावास हे नाव पडले. माधवराव पेशव्यांशी बिनसल्यावर दादा येथेच राहत होते. पुढे फौज जमवून ते लढाईस उभे राहिले आणि १७६८ साली याच जिल्ह्यातील धोडप किल्ल्याजवळ पराभव पावून कैद झाले. नदीकाठच्या नवश्या गणपतीचे देवालयही लोकपरंपरा या दांपत्याशीच जोडते. तेथे दर्शन घेऊन घाटावर क्षणभर बसावे.

पुढे सोमेश्वर. महादेवाचे स्थान जुने, झाडी दाट आणि जवळच गोदावरीचा धबधबा. पावसाळ्यात पाणी दुधासारखे फेसाळते. खडक शेवाळलेले असतात, म्हणून मुलांस काठापासून दूर धरावे. फराळ येथेच उरकावा.

शहरापासून दहा किलोमीटरांच्या सुमारास गंगापूर येते. मोटारीतून हे गाव डोळ्याची पापणी लवते तोवर मागे पडते. पण आमच्या मते सबंध प्रवासात थांबण्याचे मुख्य ठिकाण हेच. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुणे सोडून या गावी येऊन राहिली. तिचा थोरला पुत्र विश्वासराव १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर पडला आणि त्याच वर्षी पतीही गेला. दुसरा पुत्र माधवराव १७७२ साली क्षयाने वारला. तिसरा नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारला गेला. बारा वर्षांत पती आणि तीन कर्ते पुत्र गेले! पुत्रशोकाने ती नाशकात दारोदार भिक्षा मागत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका ती आख्यायिका. पण तिने नातू सवाई माधवराव यास दिनचर्या कशी असावी, वडील मंडळींशी कसे वागावे, याविषयी पाठविलेले उपदेशपत्र उपलब्ध आहे. दुःखाने खचलेल्या बाईचा सूर त्यात नाही, घडी बसवून देणाऱ्या आजीचा आहे. १७८८ साली तिचा अंत झाला. महाराजाची माता आणि महाराजाची आजी, हे बलश्रीचे शब्द येथे आठवावेत. एकीने आपला शोक डोंगरात कोरविला, दुसरीने तो गिळून नातवास पत्र लिहिले. आणि दोघींच्या मधे अंतर अवघे काही कोसांचे आणि सोळा-सतरा शतकांचे.

आता मागे वळून पाहावे. आनंदवल्ली येथून पाच किलोमीटरांवर आहे. ज्याच्यावर नारायणरावाच्या वधाचा ठपका आला त्याचे गाव तिकडे आणि मारल्या गेलेल्याच्या आईचे गाव इकडे. नदी दोघांची एकच. आनंदीबाईने ‘ध’ चा ‘मा’ केला, ही कथा आपण सर्व लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तिला निर्णायक असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरिले ते रघुनाथरावास. १७८३ साली कोपरगावी दादा वारले. पुढे १७९३ साली आनंदीबाईस मुलांसह आनंदवल्लीस आणून नजरेखाली ठेविले आणि दुसऱ्याच वर्षी तिचा शेवट झाला. तिचा मुलगा दुसरा बाजीराव नंतर पेशवा झाला आणि १८१८ साली राज्य गेले. मुलांना दोषी कोण हे सांगण्याची घाई पालकांनी करू नये. दोन्ही गावे दाखवावीत, दोन्ही बाजूंची हकीकत सांगावी आणि त्यांना विचार करू द्यावा.

गंगापुरास लागूनच गोवर्धन आहे. सकाळी लेण्यात ज्याचे नाव वाचले ते गाव पायांखाली आल्यावर मुलांच्या मुद्रेवर जे आश्चर्य उमटते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने उमटत नाही. येथून इतिहास आणखी मागे जातो. डॉ. ह. धी. सांकळिया यांस गंगापूरजवळ गंगावाडी येथे गोदावरीच्या जुन्या गाळथरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आणि १९५२ साली त्यांनी गोदाकाठच्या या हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सायंकाळी धरणावर जावे. हे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले; नाशिककरांच्या घरी नळास येणारे पाणी मुख्यतः येथले. पुढे गिरणारे गाव आहे. तेथे अथवा त्र्यंबकास मुक्काम करावा. आतल्या खेड्यांतून त्र्यंबकाकडे वाटा आहेत. स्थानिक माणसास विचारूनच गाडी घालावी आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. वाटेत बेझे गावाजवळ चक्रतीर्थ आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावून गुप्त झालेली गोदावरी येथे पुन्हा प्रकटते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

दुसरा दिवस त्र्यंबकेश्वराचा. आजचे काळ्या पाषाणाचे देवालय नानासाहेबांनी १७५५ साली आरंभिले आणि ते १७८६ साली पुरे झाले, असे सांगतात. म्हणजे पतीने पाया घातलेल्या देवालयाचा कळस चढला, तेव्हा गोपिकाबाई हयात होती. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस अपार गर्दी लोटते. इतिहास पाहणाऱ्याने ते दिवस टाळून भाद्रपद-आश्विनात यावे. पाऊस ओसरलेला आणि डोंगर अजून हिरवे, असा तो काळ.

परतताना त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपाशी थांबावे. हनुमंताच्या जन्मकथेमुळे हे स्थान प्रसिद्ध आहे. पायथ्याशी जुन्या जैन व हिंदू मंदिरांचे भग्नावशेष विखुरलेले आहेत. येथे मिळालेले भोगशक्ती राजाचे ताम्रपट आठव्या शतकाच्या आरंभाचे आहेत. उजाड झालेले नगर पुन्हा वसवून तेथील व्यापाऱ्यांस जकात माफ केल्याचे आणि निपुत्रिकाचे धन राजाने घेऊ नये असे ठरविल्याचे त्यांत नमूद आहे. उषवदाताच्या विणकरांशी निघालेली आपली यात्रा अशी व्यापाऱ्यांपाशी येऊन पुरी होते. राजे आले आणि गेले. गाव वसवून धरणारे हे कष्टाळू लोकच होत.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गंगापूर रस्त्यावर वस्ती झपाट्याने वाढली आहे. वाढत्या शहरास घरे हवीत, याविषयी तक्रार नाही. पण शेतांची, टेकाडांची, ओढ्यांची जुनी नावे पुसली जाऊन त्यांच्या जागी नगरे आणि पार्क येत आहेत. कोणत्या टेकाडास लोक काय म्हणत, कोणती वाट नदीच्या कोणत्या उतारास जाई, हे सांगणारी वृद्ध मंडळी आता थोडी उरली. गोवर्धन हे नाव दगडावर कोरले होते म्हणून टिकले. बाकीच्या नावांस तसा आधार नाही. यास्तव या प्रवासास निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने बरोबर एक वही ठेवावी. प्रत्येक गावी एका वयोवृद्ध माणसाजवळ बसावे, त्याने सांगितलेली नावे मुलांच्या हातून लिहवून घ्यावीत आणि खाली तारीख घालावी. मोटारीला त्यासाठी दोन दिवसांत फार तर दोन तास अधिक थांबावे लागेल. अशा पाच-पन्नास वह्या जमल्या, तर आपल्या ज्ञातिबांधवांच्या हातून गोदाकाठाची एक चिरस्थायी सेवा घडेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.