'आता बसा' म्हणण्याचा इतिहास



या व्याख्यानमालेत मी बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलतो. आज विषय जरा घरगुती घेतलाय, पण ग्रंथ सुटणार नाहीत, काळजी नको. विषय आहे म्हातारपणी शरीर हलतं ठेवण्याचा.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. नऊ वर्षांपूर्वी गावी पुतण्याकडे सत्यनारायण होता. पंगत जमिनीवर होती. मी हौसेनं पाटावर बसलो, पोटभर जेवलो. मंडळी उठली आणि मला काही उठता येईना. शेवटी दोन पोरांनी काखेत हात घालून मला उभं केलं. पुढच्या कार्याला गेलो तर माझ्यासाठी कोपऱ्यात वेगळी टेबलखुर्ची मांडलेली. "काका, तुम्ही आता बसा." त्यात मान होता, प्रेमही होतं. पण त्या मानानं पंगतीतली माझी जागा गेली. मग घरातला बाजारहाट गेला, माळ्यावरचं सामान काढणं गेलं, जिना गेला. एकेक काम कोणीतरी आदरानं काढून घेत गेलं आणि मीही देत गेलो.

तेव्हा मला प्रश्न पडला, हे 'आता बसा' आलं कुठून? आपली परंपरा म्हाताऱ्या माणसाला बसवते का?

वरवर पाहिलं तर बसवते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात व्यायामाचं कौतुक आहे, पण व्यायाम कोणी करू नये त्या यादीत बालक, अजीर्ण झालेला यांच्याबरोबर वृद्धही आहे. झालं, लोक एवढंच वाचतात. पण व्यायाम म्हणजे त्यांना काय अभिप्रेत होतं ते पाहा. शरीराला आयास होईल असं कर्म म्हणजे व्यायाम. बलवान माणसानंही तो अर्ध्याच शक्तीनं करावा, असं तोच अध्याय सांगतो. म्हणजे निषेध आहे तो दमछाकीचा.

आता सुश्रुताकडे या. तिथे 'चंक्रमण' हा वेगळा शब्द आहे. चंक्रमण म्हणजे फेऱ्या मारणं, चालणं. देहाला फार पीडा न देणारं चालणं आयुष्य, बळ, बुद्धी आणि जठराग्नी वाढवतं, असं सुश्रुत म्हणतो. आणि वाग्भटानं रोजच्या अभ्यंगाबद्दल सांगताना जरा, श्रम आणि वात यांवरचा उपाय म्हणून त्याचं नाव घेतलंय. निदान डोकं, कान आणि पाय यांना तरी तेल लावावं, असा आग्रह आहे. सांगायचा मुद्दा असा की, परंपरा म्हाताऱ्याला 'दमू नको' म्हणते, 'हलू नको' म्हणत नाही. या दोन वाक्यांतला फरक आपण विसरलो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. सत्तरीत 'फिरायला जाणं' ही बसून काम केलेल्यांची गरज आहे. माझ्या आईनं जातं ओढलं, विहिरीचं पाणी शेंदलं. आजही सत्तरीतल्या किती बायका रानात खुरपणीला जातात. त्यांना मी चालायला सांगावं हा उद्धटपणा होईल. त्यांच्या वाट्याला विसावा यायला हवा, आणि खुर्चीतून उठायला हवं ते आपण.

आता आपल्याकडची काही माणसं बघू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याच्या आश्रमात जायचं, पावसाळ्यात चिखल तुडवत, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. व्यायाम म्हणून ते चालत नव्हते, वाटेच्या टोकाला काम होतं म्हणून चालत होते. 1929 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेश प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा फेरा केला. 1936 साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. 1944 साली समता संघ काढला, तेव्हा शहाऐंशी. 1962 मध्ये गेले, एकशे चार वर्षांचे होऊन.

दुसरं ठिकाण औंध, सातारा जिल्ह्यातलं छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. 1938 साली लंडनमध्ये सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेव्हा ते सत्तरीचे होते. त्याच औंधात वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहत. सूर्यनमस्कार आणि आसनं यांवर त्यांनीही पुस्तकं लिहिली. 1948 नंतर त्यांनी औंध सोडलं आणि गुजरातेत पारडीला स्वाध्याय मंडळाचा संसार नव्यानं मांडला. वय किती? ऐंशी! आपण ऐंशीला फ्लॅटमधली खोलीसुद्धा बदलत नाही. पंडितजी 1968 साली गेले, शंभरी पार करून.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, "सर, हे तर्कशास्त्रात बसत नाही. चालले म्हणून जगले, की मुळात दणकट होते म्हणून चालू शकले?" बरोबर आहे. दोन-तीन दीर्घायुषी माणसं दाखवून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना तेच शिकवलं.

हाच प्रश्न लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी नीट विचारला. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. पगार, वस्ती साधारण सारखीच. 1953 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आहे. आणि गंमत पाहा, 1956 साली त्यांनीच आपल्या निष्कर्षावर शंका घेतली. बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच जास्त निघाला. पण बारीक असो की जाड, कंडक्टरांची बाजू तरीही चांगलीच राहिली. संशोधन असं असावं, आधी स्वतःलाच आडवं घेणारं. मॉरिस स्वतः नियमानं व्यायाम करत. 2009 साली गेले तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचे होते. पण हे उदाहरण मी पुरावा म्हणून देत नाही, बरं का!

"आता उशीर झाला" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. 1990 साली अमेरिकेत मारिया फियातारोने यांनी वृद्धनिवासातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे नव्वदीतला स्नायूसुद्धा ऐकतो, त्याला सांगणारं कोणी हवं.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून कांटला टाळता येणार नाही. कोनिग्सबर्गमध्ये तो रोज ठरल्या वेळी फिरायला जाई. तोही एकटा आणि सावकाश, घाम येऊ नये आणि तोंडानं श्वास घ्यावा लागू नये म्हणून. त्याची छाती अरुंद, प्रकृती नाजूक. सुश्रुताचं चंक्रमण त्यानं न वाचताच आचरलं म्हणा ना! पण शेवटच्या वर्षांत त्याची स्मृती गेली. 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' लिहिणाऱ्या माणसाला साध्या गोष्टी आठवेनाशा झाल्या. तेव्हा चालणं ही हमी नाही. शरीराशी असा करार होत नाही. मग चालायचं कशासाठी? जितके दिवस आहेत तितक्या दिवसांत आपली कामं आपल्या हातात राहावीत म्हणून. मरण पुढे ढकलणं हा यातला दुय्यम लाभ. स्वायत्तता हा मुख्य.

माझं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला अगदी बालवर्गातला अभ्यास दिला. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, आधी पाच वेळा, मग दहा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. सकाळी अर्धा तास चालायचं, बोलता येईल इतक्याच वेगानं. रात्री तळपायांना तेल लावायचं, ते माझं मीच. कारण वाकून तळपायापर्यंत हात पोचणं हाही व्यायामच. तुम्ही सुरू करणार असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाचं किंवा तोल जाण्याचं दुखणं असेल तर.

आठ महिन्यांनी मी पाटावरून उठलो. एक हात टेकवावा लागला, आजही लागतो. पण काखेत कोणाचे हात नव्हते.

घरी गेल्यावर मुलांना, सुनांना एवढंच सांगा: आमच्यासाठी खुर्ची जरूर ठेवा, पण पाट उचलू नका.

थांबतो.