बीडच्या मुलांची औरंगाबादची खोली

मराठवाड्यातल्या दलित मुलांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना मी वसतिगृहापासून सुरुवात करतो. कॉलेजात नाव घालणं एक वेळ जमायचं; परक्या शहरात झोपायचं कुठे आणि जेवायचं काय, इथे गाडी अडायची.

1948पर्यंत आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. संस्थानाचं विद्यापीठ म्हणजे 1918 साली हैदराबादला निघालेलं उस्मानिया, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. महारवाड्यातल्या मराठी बोलणाऱ्या पोराला ते किती लांब होतं, हे किलोमीटरमध्ये मोजता येणार नाही.

डॉ. आंबेडकरांना ही अडचण जुनी ठाऊक होती. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 सालीच सोलापुरात वसतिगृह काढलं होतं. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1950मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा भिक्षू नागसेनाला प्रश्नांनी भंडावणारा राजा. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव मिळालं, हे मला फार आवडतं.

प्रवेश सगळ्या जातींना खुला होता. पण गावाकडून आलेल्या दलित मुलासाठी खरी नवलाई वसतिगृहाची: पंगतीत कुणी जात विचारत नाही, आणि रात्री दिव्याखाली वाचत बसता येतं. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. इथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ चालवायला घेतलं. दलित साहित्याचा मोठा भाग या आवारात वाढला. पोट भरलेलं आणि डोक्यावर छप्पर असलं, की माणूस लिहायला लागतो.

मराठवाडा विद्यापीठ 1958मध्ये आलं. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. पाटीवरच्या नावाला साडेपंधरा वर्षं लागली.

आता सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी 2016-17पासून स्वाधार योजना आहे. औरंगाबादसारख्या शहरासाठी रक्कम ठरली वर्षाला 51,000 रुपये, म्हणजे महिन्याला 4,250. त्यात खोली, मेस, वह्या, एसटी सगळं आलं. योजना चांगलीच आहे. पण पैसे खात्यावर जमा होतात, खोली मात्र मुलाने स्वतः शोधायची; आणि घरमालक आधी आडनाव विचारतो, मग डिपॉझिट सांगतो. नागसेनवनात हा पहिला प्रश्नच नव्हता.

बीडच्या मुलाची आणखी एक अडचण कुठल्या फॉर्ममध्ये बसत नाही. दिवाळीच्या आसपास आईबाप कोयते घेऊन कारखान्याकडे निघतात, ते उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. सुट्टीत मेस बंद झाली, की मित्र आपापल्या गावी जातात. याच्या घराला तेव्हा कुलूप असतं.