वॉटसनची लेखणी आणि होम्सच्या नव्या कथा

शेरलॉक होम्सच्या नव्या रहस्यकथा आजही लिहिल्या जातात आणि त्यांच्याकडे जाणकार वाचक बहुधा नाक मुरडूनच पाहतो. आर्थर कॉनन डॉइलने 56 कथा आणि 4 कादंबऱ्या लिहिल्या, 1930मध्ये तो गेला. पुढचे सगळे उसन्या पुंजीवरचे, असे या वाचकाला वाटते. पण या लेखनाची सुरुवात डॉइलच्या मृत्यूनंतर झालेलीच नाही. ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सची पहिली लघुकथा जुलै 1891मध्ये छापून आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जे. एम. बॅरीने होम्सचे विडंबन लिहिले. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट बारने लिहिले. डॉइलला त्याचा राग नव्हता. बॅरीचे आणखी एक विडंबन त्याने 1924च्या आत्मचरित्रात कौतुकाने समाविष्ट केले. 1896मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या क्रिकेट मैदानासाठी निधी हवा होता, तेव्हा तर त्याने स्वतःच होम्स आणि त्याच्या कथा सांगणारा मित्र डॉक्टर वॉटसन यांचा न्याहारीच्या टेबलावरचा एक लहानसा प्रसंग लिहून दिला.

इतक्या लवकर, इतक्या परक्या हातांना हे पात्र कसे साधले? होम्सच्या अचाट बुद्धीमुळे, असे सहसा सांगितले जाते. मला ते पटत नाही. बुद्धिमान गुप्तहेर पुष्कळ झाले; त्यांतल्या बहुतेकांच्या कथा त्यांच्या लेखकांबरोबर थांबल्या. होम्स पुढे चालला तो वॉटसनमुळे. याचा पुरावा डॉइलच्याच हातचा आहे. 1926मध्ये त्याने दोन कथा खुद्द होम्सच्या तोंडून सांगून पाहिल्या आणि त्या निस्तेज झाल्या. कारण उघड आहे. वॉटसनला उत्तर ठाऊक नसते, म्हणून तो प्रामाणिकपणे अंधारात असतो आणि वाचकही त्याच्यासोबत अंधारात राहतो. होम्सला उत्तर ठाऊक असते. तो सांगू लागला की एक तर रहस्य फुटते किंवा वाचकाशी लपवाछपवी होते. त्यांतल्या पहिल्या कथेत तर वॉटसनच्या पद्धतीची महती होम्सलाच मान्य करावी लागते. शिवाय न सांगितलेल्या प्रकरणांची यादी ठेवतो तोही वॉटसनच. ‘थॉर ब्रिज’ या 1922च्या कथेत तो चेअरिंग क्रॉसच्या एका बँकेत ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीबद्दल बोलतो, आणि छत्री आणायला घरात परत गेलेल्या व पुन्हा कुणालाच न दिसलेल्या जेम्स फिलिमोरचा उल्लेख करून पुढे सरकतो. पुढच्या लेखकांना याहून मोकळे आमंत्रण कोणते असू शकते?

आर्थर व्हिटेकरची हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. या वास्तुशिल्पीने होम्सची एक कथा रचून डॉइलकडे पाठवली होती. डॉइलने दहा गिनी देऊन कल्पना विकत घेतली आणि हस्तलिखित कागदपत्रांत पडून राहिले. 1948मध्ये अमेरिकेतल्या ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाने ते डॉइलची अप्रकाशित कथा म्हणून छापले. वारसांनाही ते वडिलांचेच वाटले होते. व्हिटेकरने स्वतः पुढे येऊन पुरावा दाखवला, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. यावर कुणी म्हणेल, त्या कथेचे रहस्यच कच्चे आहे, मग तिचे कौतुक कशाला? रहस्य कच्चे आहे हे खरेच, आणि माझा मुद्दा नेमका त्यातूनच पक्का होतो. कोडे सामान्य असूनही घरच्या माणसांना ती डॉइलचीच वाटली, ते निवेदनाच्या सुरामुळे. उलट, एड्रियन कॉनन डॉइल आणि जॉन डिक्सन कार यांनी 1954च्या संग्रहात वॉटसनच्या न सांगितलेल्या प्रकरणांवर 12 कथा रचल्या. एक सहलेखक डॉइलचा मुलगा, दुसरा बंद खोलीच्या कोड्यांचा उस्ताद. तरी त्या कथांना मूळ कथांची जागा कोणी दिली नाही. रक्ताचा वारसा आणि कोड्यांवरची हुकमत, दोन्ही हाताशी असूनही भागले नाही.

गुप्तहेराचा असा सोबती-निवेदक डॉइलच्या आधी एडगर ॲलन पोने 1841मध्येच योजला होता, मग श्रेय वॉटसनला का, असा आक्षेप रास्त आहे. पण पोच्या निवेदकाला नावसुद्धा नाही. वॉटसनला अफगाण युद्धातली जखम आहे, संसार आहे, डॉक्टरकी आहे आणि मित्राबद्दलची कुरकुरही आहे. निवेदकाची जागा अशी भरलेली असली की बाकीचे बदलता येते. ऑगस्ट डरलेथने 1920च्या दशकाच्या अखेरीस सोलर पॉन्स निर्माण केला तेव्हा होम्सचे नावही वापरले नाही. पण डॉक्टर पार्कर हा सोबती ठेवला आणि वाचकांनी तो वंश लगेच ओळखला. जाम्यांग नोर्बूने 1999च्या कादंबरीत आणखी धाडस केले. मरण पावला असे जग समजत असताना होम्स तिबेटात होता, एवढाच धागा डॉइलने सोडला होता. नोर्बू त्याला बोटीने मुंबईत उतरवतो आणि निवेदन सोपवतो किपलिंगच्या ‘किम’मधल्या हरी चंदर मुखर्जी या बंगाली बाबूकडे. वॉटसन तिथे नाहीच. पण हरी बाबूला स्वतःची नोकरी आहे, भीती आहे आणि विद्वत्तेची हौस आहे. म्हणून होम्सही तिथे खरा वाटतो.