आमिष कुणाच्या हातात असतं?

आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या बातम्यांचं पान उघडलं की हा शब्द भेटतोच. ‘जादा परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक’, ‘नोकरीचे आमिष दाखवून लुबाडले’, ‘लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार’. आमिष हा तो शब्द.

आम्हाला तो टोचला आमच्याच एका बैठकीत. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या गटातल्या एका ताईंनी सोन्याच्या मासिक योजनेत पैसे भरले होते. दुकान बंद झालं, मालक गायब. आम्ही म्हटलं, चला पोलीस ठाण्यात, तक्रार देऊ. तर त्या म्हणाल्या, “काय तोंडानं जाऊ? मीच आमिषाला बळी पडले. लोक म्हणतील, हावरट बाई.” घरी नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

पैसे गेले ते गेलेच, पण या एका शब्दानं त्यांचं तोंडही बंद केलं. म्हणून त्या दिवशी हिशेबाची वही बाजूला ठेवून आम्ही या शब्दाचाच हिशेब मांडायला बसलो.

आमिष हा संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ मांस. अमरकोशात मांसाची जी नावं दिली आहेत, त्यांत आमिषही आहे. म्हणून तर आपण मटण-मच्छीच्या जेवणाला सामिष म्हणतो आणि साध्या जेवणाला निरामिष. पाली भाषेत याचंच रूप आमिस. तिथे अर्थ आणखी पसरला. अन्न, वस्त्र, वस्तू, म्हणजे पोटाला आणि अंगाला लागणारं सगळं आमिस. बौद्ध ग्रंथांत दानाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक आमिसदान आणि दुसरं धम्मदान. म्हणजे बघा, आमिष मुळात वाईट नव्हतं. ते अन्न होतं.

मग ते फसवणुकीचं कसं झालं? गळामुळे. संयुत्त निकायात बुद्धांनी दिलेली एक उपमा आहे. मासेमार गळाला आमिष लावून तो खोल पाण्यात सोडतो. आमिषावर नजर असलेला मासा तो गिळतो आणि त्याच्या तावडीत सापडतो. लाभ आणि मानसन्मान यांचा गळ असाच असतो, हे त्यांना भिक्षूंना सांगायचं होतं. गळाला लावलेला मांसाचा तुकडा म्हणजे आमिष, आणि पुढे माणसाला ओढण्यासाठी दाखवलेली कुठलीही गोष्ट म्हणजे आमिष, असा हा शब्द सरकत आला.

आपल्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी, कल्याणला उल्हास नदीच्या काठी गळ टाकून बसलेली माणसं आपण पाहतो. गळाला ते काय लावतात? गांडूळ, कोळंबी. माशाचं रोजचं खाणं. मासा हावरट असतो म्हणून अडकत नाही, तो भुकेला असतो आणि समोरचा घास नेहमीसारखाच दिसतो.

आपल्याकडे भिशी आहे, बचत गट आहे, सोनाराकडे महिन्याला थोडं थोडं भरायची रीत आहे. फसवणारा नेमकं यांच्यासारखंच काहीतरी उभं करतो. मग खरं-खोटं ओळखायचं कसं?

नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा उषवदाताचा शिलालेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० कार्षापणांवर व्याज महिन्याला शेकडा १ आणि उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण. पैसा कुणाकडे, व्याज किती, ते कशावर खर्च करायचं, सगळं दगडावर कोरलेलं आहे. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवला, हेही त्यात लिहिलं आहे. उद्योग करणारी माणसं शेकडा १ देत होती. आज कुणी आठवड्याला शेकड्यात परतावा देतो म्हणालं, तर विचारायला हवं, हा पैसा कुठल्या मागावर विणला जातो?

अमेरिकेत बोस्टनला १९२० साली चार्ल्स पॉन्झीनं ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला होता. धंदा नव्हताच, नव्या लोकांचे पैसे जुन्यांना द्यायचे, एवढंच. आपल्याकडे साखळीनं सभासद जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आली. १९९९ मध्ये महाराष्ट्रानं ठेवीदारांसाठी एमपीआयडी कायदा केला. त्यात फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा आला. तरी त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये टोरेस प्रकरण उघडकीला आलं. त्यांची एक शाखा कल्याणातही होती.

आता पुन्हा आमच्या ताईंकडे येऊ. हाव आणि आमिष हे दोन वेगळे शब्द आहेत. हाव आपल्या मनात असते, आमिष दुसऱ्याच्या हातात असतं. म्हणून मराठीत आमिष ‘दाखवतात’. कायदाही तसंच बघतो. फसवून एखाद्याला पैसे द्यायला प्रवृत्त करणं हा गुन्हा आहे, पूर्वी दंडसंहितेत होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. गुन्हा प्रवृत्त करणाऱ्याचा, पैसे देणारीचा नव्हे.

पण एक अवघड गोष्टही बोलायला हवी. या ताईंनी त्यांच्या नणंदेला आणि दोन शेजारणींनाही त्या योजनेत आणलं होतं. खरी लाज तीच होती. गळाला लागलेल्या बाईलाच असं पुढच्या गळाचं आमिष केलं जातं, कारण आपण दुकानावर नाही, ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवतो. साखळी योजनांच्या बाबतीत तर १९७८ चा कायदा नुसतं सभासद होण्यालाही मनाई करतो. तेव्हा ‘मला मिळाले, तूही भर’ हे वाक्य तोंडातून काढण्याआधी थांबा.

त्या दिवशी आम्ही ताईंना घेऊन आधी नणंदेकडे गेलो. नणंद खूप बोलली. ताईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी चौघी पावत्या घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. पैसे अजून मिळालेले नाहीत, पण तक्रारीत चौघींची नावं आहेत.

तुमच्याकडेही अशी पावती डब्यात दडवलेली असेल, तर ती फाडू नका. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. आणि या महिन्याच्या बैठकीत, कर्जाचे हप्ते गोळा झाले की हा विषय काढा. सुरुवात कुणीतरी करायला लागते. आमच्याकडे त्या ताईंनी केली.