खाशाबांचा गुडघा

हेलसिंकी येथे १९५२ साली भरलेल्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. ही गोष्ट आपण वर्गात सांगतो. पुढची सहसा सांगत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकलाही त्यांना जायचे होते, पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते राहून गेले. वय अवघे तीस. कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक भारताला मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

त्या काळी गुडघा दुखावलेल्या पैलवानाला डॉक्टर काय देऊ शकत होते? विश्रांती, प्लास्टर, आणि फारच झाले तर गुडघा उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया. त्यातून गुडघा चालण्यापुरता बरा होई. आखाड्यापुरता होईलच अशी खात्री कोणी देत नसे.

गुडघा हा शरीरातला सर्वांत मोठा सांधा, पण रचनेने तसा उघडाच. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्यात मात्र त्याच हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चेच्या गाद्या, आणि मधोमध एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन अस्थिबंध. त्यांतला पुढचा जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांबीचा. नडगीला पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे हे त्याचे काम. पाय जमिनीत रोवलेला असताना धड वळले की तो तुटू शकतो. तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. कातडीवरच्या जखमेत रक्त गोठते आणि त्या गुठळीच्या आधाराने नव्या पेशी वाढतात. सांध्यात वंगणासारखा द्रव सतत खेळत असल्याने गुठळी टिकतच नाही.

हा बंध शिवण्याचा प्रयत्न इंग्लंडमधील लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ सालीच केला होता. रुग्ण खाणकामगार होता, खेळाडू नव्हे. १९१७ साली ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे-ग्रोव्ह्ज यांनी शिवण्याचा नाद सोडला आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या चिवट पट्ट्यातून नवा बंधच तयार केला. आजच्या शस्त्रक्रियेचे तत्त्व हेच आहे. गादीच्या बाबतीत मात्र वाट चुकली होती. ती फाटली की सर्रास संपूर्ण काढून टाकत. १९४८ साली, म्हणजे खाशाबा लंडनला पहिले ऑलिंपिक खेळले त्याच वर्षी, फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने अशा गुडघ्यांचे एक्स-रे तपासून दाखवले की गादी काढल्यावर हाडांमधली जागा अरुंद होते आणि सांधा झिजू लागतो. तरीही पुढे कितीतरी वर्षे गाद्या निघतच राहिल्या. कारण अगदी साधे होते. फाटलेला तुकडा तेवढाच कापायचा तर आत नीट दिसायला हवे!

आत पाहण्याची वाट निघाली जपानमधून, आणि तीही खेळासाठी नव्हे. क्षयाने गुडघा आखडला की जमिनीवर बसणे अशक्य होई, आणि जपानी घरातले सारे व्यवहार आपल्यासारखेच जमिनीवर बसून चालत. हा रोग लवकर ओळखता यावा म्हणून टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी एकामागून एक नमुने बनवले. १९५९ च्या सुमारास सिद्ध झालेला एकविसावा नमुना खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला. त्याच्या टोकाला चिमुकला दिवा असे, आणि तो सांध्यातच फुटेल की काय ही धास्ती! पुढे काचतंतूंतून बाहेरचा प्रकाश आत नेता येऊ लागला तेव्हा ती संपली. १९६२ साली वातानाबे यांनी बास्केटबॉल खेळताना गुडघा मुरगळलेल्या एका मुलाच्या गादीचा फाटलेला भाग तेवढाच दुर्बिणीतून काढला. १९६४ साली कॅनडाच्या संघाचे डॉक्टर म्हणून टोकियो ऑलिंपिकला आलेले रॉबर्ट जॅक्सन त्यांच्याकडे हे तंत्र शिकले, बदल्यात त्यांना इंग्रजी शिकवले, आणि ही विद्या उत्तर अमेरिकेत घेऊन गेले. मेलबर्ननंतर आठच वर्षांनी.

आज हे काम मुंबईत होते. क्रिकेट नियामक मंडळाचे वैद्यकीय सल्लागार राहिलेले डॉ. अनंत जोशी, तसेच अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयातील डॉ. दिनशॉ पारडीवाला ही नावे वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर दिसतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पारडीवाला भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. ३० डिसेंबर २०२२ रोजी मोटार अपघातात यष्टिरक्षक ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. ६ जानेवारी २०२३ रोजी पारडीवाला यांनी त्यावर शस्त्रक्रिया केली. पंत पुन्हा स्पर्धात्मक सामना खेळला तो २३ मार्च २०२४ रोजी.

शस्त्रक्रिया काही तासांची, मग उरलेले चौदा महिने कशाला लागले? नवा बंध बहुधा रुग्णाच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधातून घेतात आणि हाडांत बोगदे पाडून बसवतात. बसवल्यावर तो आधी कमकुवत होतो. मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, आणि सावकाश बळ येते. गंमत अशी की दुखणे थांबते ते नेमके या कमकुवत काळात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्लोच्या अभ्यासात दिसले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवावा, तितकी दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटते. अधीर खेळाडूला थोपवून धरणे हा या शल्यविशारदाच्या कामाचा मोठा भाग असतो.

दुसरा भाग हाताचा. अमेरिकेतील जोसेफ टॉर्ग यांनी आपले गुरू जॉन लॅकमन यांची परीक्षा १९७६ साली प्रसिद्ध केली. गुडघा जरासा वाकवून एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. बंध शाबूत असेल तर नडगी झटक्यासरशी थांबते, तुटला असेल तर मऊपणे सरकत जाते. यंत्र काहीच लागत नाही. (शिक्षकांनी मात्र हा प्रयोग मैदानावर करू नये.)

नवी मुंबईत महापे, घणसोली या मूळ गावांभोवती आता कारखाने आणि संगणक कंपन्या उभ्या आहेत, तरी आगरी-कोळी वस्त्यांतले कबड्डीचे वेड टिकून आहे. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडीत अडकतो, धड मध्यरेषेकडे वळते, आणि गुडघ्यात 'कट्' होते. सांध्यात रक्त साचून दोन-चार तासांतच गुडघा सुजतो. एक्स-रेमध्ये फक्त हाडे दिसतात, बंध दिसत नाही. मग 'फ्रॅक्चर नाही' हे ऐकून घरचे मालिश सुरू करतात. काही आठवड्यांत सूज ओसरते, मुलगा पुन्हा मैदानात उतरतो आणि वळताना गुडघा दगा देतो. असा प्रत्येक दगा गादी आणखी फाडत जातो. कट् आवाज, त्याच दिवशीची सूज आणि वळताना लचकणे ही तीन लक्षणे क्रीडाशिक्षकाने ऐकली, की एक्स-रे निर्दोष असला तरी मुलाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवायचे. मुलींच्या बाबतीत अधिक जागरूक राहायचे, कारण त्याच खेळात त्यांच्यात ही दुखापत मुलांच्या दोन-तीन पट आढळते. गुडघा आतल्या बाजूला न झुकवता उडीवरून उतरण्याचा, तोल सावरण्याचा आणि मांडीमागचे स्नायू बळकट करण्याचा नियमित सराव ती बरीच टाळतो. या सरावाला वीसेक मिनिटे लागतात. शारीरिक शिक्षणाच्या एका तासिकेत तो सहज बसतो.